धागा: खानापूर, जांबोटी, लोंढा पट्ट्यात रात्री गाडी चालवताना गवा, सांबर, डुक्कर आडवं आलं तर

रानवाट_जांबोटी

गणपती झाले की आपल्या बेळगाव-गोवा भागातल्या रस्त्यांवर रात्रीची वाहतूक वाढते. गोव्याला जाणाऱ्या भाजीच्या आणि दुधाच्या गाड्या बारा महिने असतातच, त्यात सुट्टीची माणसं मिसळतात. नेमकं त्याच दिवसांत भात पिकायला लागतं आणि गवी रेडे, डुकरं रानातून शेताकडं उतरतात. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. ज्यांना या रस्त्यांची आणि गाड्यांची माहिती आहे त्यांनी भर घालावी.

सुरुवात वेगापासून करतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. डिपरवर, म्हणजे लाईट खाली असताना, साध्या हॅलोजन दिव्यात काळसर अंगाचं जनावर साधारण चाळीस मीटरच्या आत आल्यावर धड ओळखू येतं. जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत जागरूक माणसाचाही दीड सेकंद जातो. आता हिशेब बघा. रस्ता कोरडा, ब्रेक-टायर चांगले:

ताशी ४० वर गाडी २६ मीटरमध्ये थांबते.
ताशी ५० वर ३५ मीटर.
ताशी ६० वर ४५ मीटर.
ताशी ८० वर ६८ मीटर.

चाळीस मीटरवर सांबर दिसलं आणि तुम्ही साठवर असाल तर करकचून ब्रेक दाबूनही तीसच्या वेगानं धडक बसते. ऐंशीवर असाल तर बहात्तरच्या वेगानं बसते. कारण तेहतीस मीटर तर पाय हलेपर्यंतच संपलेले असतात, ब्रेकला उरतात जेमतेम सात मीटर. वेग वीसनं वाढला आणि धडकेचा वेग बेचाळीसनं वाढला, हे डोक्यात बसायला हवं. डिपरवर चालवताना रानात ५० ही वरची हद्द, ओल्या रस्त्यावर ४०. ओल्यात ब्रेकचं अंतर पावणेदोन पट होतं. साठवर थांबायला साठ मीटर लागतात, पन्नासवरसुद्धा पंचेचाळीस.

सांभाळायचे पट्टे माझ्या माहितीप्रमाणे असे: बेळगाव-चोर्ला रस्त्यावर कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल ओलांडल्यापासून कणकुंबी आणि पुढं घाट संपेपर्यंत. खानापूरहून शिरोली, नेरसे, हेम्माडगा करत अनमोडला निघणारा रस्ता, जो भीमगड अभयारण्यातनं जातो. आणि राष्ट्रीय महामार्ग ७४८ वर गुंजीपासून लोंढा, रामनगर, तिनईघाट, अनमोड.

भाजीगाडी

बरोबर सांगितलात. एक जोडतो. समोरनं गाडी येऊन गेली की तिचा उजेड डोळ्यात राहतो आणि दोन-तीन सेकंद पुढचं काही दिसत नाही. साठच्या वेगात तेवढ्यात पस्तीस ते पन्नास मीटर आंधळेपणानं कापले जातात. रानातली बरीच जनावरं लागतात ती याच टप्प्यात. समोरची गाडी शंभर-दीडशे मीटरवर असतानाच ॲक्सिलरेटरवरनं पाय काढायचा, नजर तिच्या दिव्यावर न ठेवता आपल्या डाव्या हाताच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची, ती गाडी बाजूनं गेली की लगेच अप्पर, म्हणजे लाईट वर, मारायचा आणि रस्ता रिकामा दिसल्यावरच वेग घ्यायचा.

दुसरं, मोठ्या ट्रकच्या मागं लागून "तो वाट मोकळी करतोय" म्हणून बिनधास्त जाऊ नये. साईडपट्टीवर थबकलेलं जनावर ट्रक जाईपर्यंत थांबतं आणि ट्रकची शेपटी गेली रे गेली की उडी मारतं. मागच्या कारला ते दिसायला वेळच मिळत नाही. निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवा. ट्रकचा मागचा दिवा एखाद्या दगडाजवळनं गेला की "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" मोजायचं. त्याच्या आत आपण तिथं पोचलो तर आपण फार जवळ आहोत.

दुचाकी_निपाणी

समोरच्या गाडीनं अप्पर-डिपर मारून खूण केली तर जनावर आहे असंच समजायचं का?

भाजीगाडी

पोलीस, अपघात, पडलेलं झाड, जनावर, काहीही असू शकतं. यातलं काहीही असलं तरी वेग कमीच करायचा. या रस्त्यांवर जनावर असेल तर बरेच ड्रायव्हर अप्पर-डिपरसोबत हात बाहेर काढून खाली दाबल्यासारखा हलवतात. आपणही जनावर बघून पुढं आलो की समोरच्याला ही खूण द्यावी.

वनराई

धाग्याच्या नावात तिन्ही जनावरं एका ओळीत आलीत, पण रस्त्यावर ती तीन तऱ्हेनं वागतात. सगळ्यांना एकच उपाय लावला तर चुकतं.

*चितळ.* कळपानं फिरतं. एक मादी आडवी गेली की मागं दुसरी, तिसरी, पिल्लू असणारच. पहिलं गेल्यावर वेग वाढवणं ही नेहमीची चूक. पहिलं दिसलं की गाडी जवळजवळ थांबवा आणि ते *जिकडनं आलं* त्या बाजूला बघत राहा, जिकडं गेलं तिकडं नाही. घाबरलेलं चितळ अर्ध्या रस्त्यातनं उलटं फिरून परत कळपाकडं पळतं, हेही ध्यानात ठेवा.

*सांबर.* बहुतेक रात्रीचं, एकटं किंवा दोन-तीन. नर दोनशे किलोच्या पुढं जातो. तोंडावर उजेड पडला की जागीच खिळतं. त्याचे डोळे अंधाराला जुळवून घेतलेले असतात, प्रखर झोतात त्याला तुमची गाडी दिसतच नाही, फक्त पांढरा उजेड दिसतो. तेव्हा अप्पर लगेच खाली घ्यायचा, गाडी थांबवायची. दोन आखूड हॉर्न पुरतात. लांब हॉर्न नको, त्यानं ते कुठल्याही दिशेला उडी घेतं, तुमच्या बॉनेटवरसुद्धा.

*भेकर.* वीस-पंचवीस किलोचं, एकटं, खाली मान घालून झुडपातनं सरळ घुसतं. आधी उभं राहून बघत वगैरे नाही.

*रानडुक्कर.* बरेच लोक "डोळे चमकले की ब्रेक" या सवयीवर असतात. हरणाच्या, गव्याच्या, मांजरकुळातल्या जनावरांच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, म्हणून ते चमकतात. डुकराच्या डोळ्यात तो थर नसतो. अंग काळं, उंची बॉनेटच्या खाली, डोळे चमकत नाहीत. म्हणजे डुक्कर दिसतं ते अगदी जवळ आल्यावरच. आणि टोळीनं येतं, पिल्लं रांगेनं मागं. त्याच्यासाठी डोळे न शोधता रस्त्याच्या कडेची *हलती काळी रेघ* शोधायची.

*गवा, आपला गवी रेडा.* मोठ्या नराचं वजन हजार किलोपर्यंत जाऊ शकतं. तो पळून जात नाही, उभा राहतो. डोळे चमकतात खरे, पण उभ्या गव्याचं डोकं डिपरच्या झोताच्या वर असतं, म्हणून चमक मिळतच नाही. डिपरमध्ये आधी काय दिसतं? त्याचे चार पांढरे पाय, गुडघ्यापासून खाली मोजे घातल्यासारखे. वर काळोखच. रस्त्यावर हवेत तरंगणारे पांढरे खुंट दिसले तर ते किलोमीटरचे दगड नाहीत हे ओळखायला शिका.

नेरसेकर

वनराईंनी गव्याचं लिहिलं ते अगदी खरं. हॉर्नबद्दल मात्र जोर देऊन सांगावंसं वाटतं: गव्याला हॉर्न *अजिबात* नाही. कळप रस्ता ओलांडत असेल तर वीस-पंचवीस मीटर मागं थांबा, लाईट डिपरवर, इंजिन चालू, काचा वर. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत कळप जातो. शेवटचं जनावर गेलं असं वाटलं तरी अर्धा मिनिट थांबा.

नर आडवा उभा राहून पूर्ण बाजू दाखवत असेल, पाठीचा उंचवटा वर काढून सावकाश सरकत असेल, तर तो शांत आहे असं बरेच लोक समजतात. ती त्याची धमकी असते. फुसकारा ऐकू आला तर रिव्हर्स टाका आणि हळू मागं या. गाडी वळवायचा प्रयत्न करू नका, वळवताना गाडीची कूस त्याच्यासमोर येते. फोटोसाठी खाली उतरायचं तर नावच नको.

हत्तीलाही हेच, फक्त अंतर जास्त. दांडेलीकडनं आलेले हत्ती खानापूर, चंदगड, आजरा, दोडामार्ग भागात फिरतात. हत्ती दिसला तर निदान शंभर मीटर मागं राहायचं आणि मागनं येणाऱ्या गाड्यांना चारी इंडिकेटर लावून थांबवायचं.

घाटमाथा

माझा एक प्रश्न आहे, आणि त्यावर मला सरळ उत्तर हवंय. सगळे म्हणतात "स्टिअरिंग फिरवू नका, सरळ ब्रेक मारा". चितळाच्या बाबतीत पटतं. पण समोर गवा असेल तर? आठशे किलोच्या जनावराला सरळ धडकायचं?

रानवाट_जांबोटी

प्रश्न रास्त आहे. क्रम असा:

आधी ब्रेक, सरळ रेषेत, पूर्ण ताकदीनं. जनावर कुठलंही असो, पहिलं काम हेच. वेग ऐंशीवरनं साठवर आला तरी धडकेची ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या वर्गावर चालते. गाडीला एबीएस, म्हणजे करकचून ब्रेकमध्येही चाक लॉक होऊ न देणारी व्यवस्था, असेल तर पायाखाली पेडल थडथडतं. ते बिघडलेलं नाही, पाय सोडायचा नाही. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. जुन्या गाडीला नसेल तर चाक लॉक होऊन गाडी घसरते आणि स्टिअरिंग ऐकत नाही. तिथं पाय क्षणभर सैल करून परत दाबावा लागतो.

मग स्टिअरिंग. भेकर, चितळ, डुक्कर, कुत्रं यांच्यासाठी *नाही*. आपल्या रस्त्यांच्या कडेला काय असतं ते आठवा. जांबोटीच्या पुढं डांबर संपलं की सहा-आठ इंचांची खच, मग गटार, मग झाड. घाटात एका बाजूला दरी. डावी चाकं खचीत उतरली आणि घाबरून स्टिअरिंग परत उजवीकडं ओढलं की गाडी उलटते. असल्या अपघातांत माणूस मरतो तो झाडावर, दरीत किंवा समोरच्या ट्रकवर आदळून.

गवा किंवा उभं मोठं सांबर असेल, ब्रेकनं वेग बराच खाली आला असेल, तरी थांबणं अशक्य असेल, आणि *कडेला किंवा समोरच्या लेनमध्ये मोकळी जागा डोळ्यांना दिसत असेल*, तरच थोडं वळवायचं. वळवायचं ते त्याच्या शेपटीच्या बाजूला, तोंडाच्या बाजूला नाही, कारण तो निघाला तर पुढंच निघेल. ब्रेक दाबलेलाच ठेवून वळता येतं ते एबीएस असलेल्या गाडीतच.

घाटमाथा

पटलं. धडकेच्या शेवटच्या क्षणी ब्रेक सोडायचा असंही कुठंतरी वाचलं होतं.

रानवाट_जांबोटी

त्यामागचं कारण असं की ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली जातं आणि उंच पायांचं जनावर बॉनेटवरनं काचेवर येतं. ब्रेक सोडला की नाक वर येतं. तत्त्व खरं आहे, पण रात्री त्या अर्ध्या सेकंदाचा अंदाज चुकतोच आणि दहा मीटर आधी ब्रेक सोडला जातो. माझ्या मते ब्रेक शेवटपर्यंत दाबून ठेवावा.

काचेवरच्या धोक्याचं मात्र लक्षात घ्या. सांबराचं पोट बऱ्याच छोट्या गाड्यांच्या बॉनेटच्या पातळीला येतं. पाय बंपरला लागतात आणि दोनशे किलोचं धड थेट काचेवर. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते. मागं बसलेल्यांनीही पट्टा लावायचा. डिकीतली गॅसची टाकी, भाताचं पोतं, स्टेपनी मोकळी असेल तर तीच मागनं येऊन डोक्यात बसते.

शहापूरचा_मेस्त्री

आता लाईटचं. गॅरेजला येणाऱ्या गाड्यांत दहातल्या सहा-सात गाड्यांचे हेडलाईट चुकीच्या कोनात असतात. मालकाला वाटतं बल्ब कमी पडतोय, मग तो जास्त वॉटचा बल्ब टाकतो. आधी कोन बघा.

घरी करायची पद्धत. टायरची हवा बरोबर करा. डिकी रिकामी, टाकीत अर्धं पेट्रोल, ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस. सपाट जागेवर भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी सरळ उभी करा. जमिनीपासून बल्बच्या मध्यापर्यंतची उंची टेपनं मोजा, तेवढ्याच उंचीवर भिंतीला खडूनं आडवी रेघ मारा. डिपर लावा. उजेडाची वरची सपाट कड त्या रेघेच्या *पाच सेंटिमीटर खाली* यायला हवी. दहा मीटरवर केलं तर दहा सेंटिमीटर. म्हणजे शंभराला एक असा उतार. कडेचा डावीकडचा भाग थोडा वर चढलेला असतो, तो बिघाड नाही. आपण डावीकडनं चालतो, म्हणून साईडपट्टी दिसावी यासाठी तो तसा बनवलेला असतो. जनावर त्याच भागात आधी दिसतं. हेडलाईटच्या मागं दोन स्क्रू किंवा दातेरी चक्रं असतात, एक वर-खाली, एक डावं-उजवं. पाव फेरा फिरवून बघत जा.

डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चक्र असेल तर मागं माणसं-सामान भरल्यावर ते १ किंवा २ वर न्या. मागनं गाडी दबली की नाक वर जातं, डिपर समोरच्याच्या डोळ्यात जातो आणि आपला रस्ता काळा पडतो. उलट रिकाम्या गाडीत चक्र ३ वर राहिलं तर उजेड वीस मीटरवरच संपतो. हे फार गाड्यांत दिसतं आणि कुणी बघत नाही.

शहापूरचा_मेस्त्री

राहिलेलं लिहितो. काच पिवळी पडली असेल तर बल्ब बदलून उपयोग नाही. पाणी लावत एक हजार नंबरचा पॉलिश पेपर, मग दोन हजार, मग कंपाउंड. त्यावर ऊन रोखणारा लेप मारावाच लागतो, नाहीतर काही महिन्यांत परत पिवळी. विंडशील्ड आतनं पुसा. प्लास्टिकमधनं उडणाऱ्या तेलकट वाफेचा थर आतल्या बाजूला बसतो आणि समोरच्या लाईटचं धुकं होतं. वायपर रबराची तीच गोष्ट.

बल्ब. बहुतेक गाड्यांना एच-४, ६०/५५ वॉटचा येतो. त्या जागी ९०/१०० वॉटचा टाकला की मूळ वायरिंग तापतं, होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा जळून काळा पडतो आणि वर्षभरात आधीपेक्षा कमी उजेड मिळतो. शिवाय बेकायदा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब बसवला की उजेड पांढराशुभ्र दिसतो, पण तार जिथं असायला हवी तिथं चिप नसते, म्हणून झोत फुटतो. जवळचं दहा-पंधरा मीटर लख्ख, लांबचं काही नाही. जवळ फार उजेड पडला की डोळ्याची बाहुली लहान होते आणि लांबचं आणखीच कमी दिसतं. रानात लांबचं दिसायला हवं. खरा फायदा मिळतो तो होल्डरला पूर्ण १२ व्होल्ट पोचवून. बॅटरीपासून रिले टाकून जाड वायर ओढली आणि अर्थिंग घासून घेतलं की त्याच ५५ वॉटच्या बल्बचा उजेड डोळ्याला कळेल इतका वाढतो.

बंपरला लोखंडी गार्ड बसवून द्या म्हणून येणाऱ्यांसाठी: २०१७ च्या डिसेंबरातच केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं असले गार्ड मोटार वाहन कायद्याविरुद्ध असल्याचं कळवलंय. गार्डमुळं धक्का थेट चॅसीला जातो, एअरबॅगचा सेन्सर गोंधळतो, बंपर-बॉनेट चेपून धक्का खाणारी व्यवस्था कामच करत नाही. गव्यासमोर तर त्या नळीचा काही उपयोग नाही.

ऊसफड_हुक्केरी

तुमचं सगळं खानापूर-जोयड्याकडचं चाललंय. सपाटीचं पण लिहा की कुणीतरी. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणीकडं हरणापेक्षा डुक्कर आणि मोकाट गुरं जास्त आडवी येतात. ऊस उभा असतो तोवर डुकरं आणि कोल्हे फडातच राहतात. नोव्हेंबरपासून तोडणी सुरू झाली की त्यांचा आडोसा जातो. ज्या दिवशी फड पडतो त्या रात्री ती दुसऱ्या फडाकडं सरकतात, मधे रस्ता असला तर रस्त्यावरनं. म्हणून दिवसा जिथं तोड बघितली, तिथं त्या रात्री आणि दुसऱ्या रात्री पाय ब्रेकजवळ. रात्री उसाला पाणी सोडतात तेव्हाही डुकरं फडातनं बाहेर पडतात.

याच रस्त्यावर मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, तेव्हा पन्नासची हद्द इथंही लावाच.

महामार्ग ४८ वर मधल्या दुभाजकात कण्हेर लावलेली आहे. समोरचा लाईट अडतो हे चांगलं, पण तिच्यात शिरलेलं डुक्कर किंवा कुत्रं दिसत नाही. अर्धा रस्ता ओलांडून ते तिथं थांबतं आणि मग *उजवीकडनं* येतं. चार पदरी रस्त्यावर सगळे डावीकडं बघत असतात. रात्री रिकाम्या रस्त्यावर उजव्या लेनला चिकटून सुसाट जाणाऱ्यांना हे जनावर लागतं. डाव्या लेनमध्ये असलं की दुभाजकापासून एक लेन जास्त मिळते.

दुचाकी_निपाणी

आणि दुचाकीवाल्यांनी काय करायचं? आम्हाला भेकर किंवा कुत्रंसुद्धा पुरेसं आहे.

रानवाट_जांबोटी

दुचाकीला रानात रात्री ४० च्या वर जागाच नाही, कारण एकच दिवा आणि वळणावर गाडी तिरकी झाली की तो दिवाही भलतीकडं बघतो. रस्त्याच्या कडेनं न जाता आपल्या लेनच्या मधोमध चाला, म्हणजे डावीकडनं उडी मारणाऱ्याला दीड-दोन मीटर जास्त लागतात.

ब्रेक लावताना आधी तिरकी झालेली गाडी *सरळ* करायची, मग दोन्ही ब्रेक. पुढचा ब्रेक एकदम न हिसकता अर्ध्या सेकंदात वाढवत न्यायचा. गाडी थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्याच चाकाला असते. फक्त मागचा दाबणाऱ्यांची गाडी आडवी होते. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस आहे, त्याखालच्यांना दोन्ही चाकांचा जोडब्रेक. जुन्या गाडीला यातलं काहीच नाही, तेव्हा रिकाम्या मैदानावर वीस-तीसच्या वेगात सराव करून ठेवावा.

नजर जनावरावर खिळली की गाडी तिकडंच जाते. बघायचं ते त्याच्या मागच्या मोकळ्या जागेकडं. हेल्मेटची काच रात्री स्वच्छ आणि बिनरंगी हवी. टिंट असलेली काच रात्री वापरणं म्हणजे आपला दिवा अर्धा करणं.

घाटमाथा

बंपरला लावायच्या शिट्ट्या मिळतात, वाऱ्यानं वाजतात म्हणे, आणि हरणं पळतात?

वनराई

त्यांचा उपयोग कुठल्याही धड तपासणीत सिद्ध झालेला नाही. त्या वाजल्या तरी तो आवाज इंजिन आणि टायरच्या आवाजात हरवतो. आणि ऐकू आला तरी हरणानं त्यावरनं पळायचं का, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. उलट शिट्टी लावली म्हणून माणूस वेग वाढवतो, तो तोटा निराळाच.

ऋतूंचं थोडं सांगतो, त्याचा उपयोग जास्त. मार्च ते मे ओढे आटतात. तेव्हा पाणी राहिलेले डोह आणि मोऱ्या हीच ओलांडायची ठिकाणं. मोरीचा कठडा दिसला की वेग कमी. वणवा लागून गेलेल्या जागी पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं, साईडपट्टीवरही येतं, तिथं चितळ चरायला उभं असतं. सप्टेंबर ते नोव्हेंबर भात. रानाला लागून शेत असेल, माळ्यावर बत्ती दिसत असेल किंवा फटाके ऐकू येत असतील, तर समजा की शेतकरी जनावर हाकलतोय आणि ते रस्त्याकडंच येणार. वेळ म्हणाल तर दिवेलागणीनंतरचे तीन-चार तास आणि पहाटेचे दोन तास सगळ्यात वाईट. जून ते ऑगस्ट कणकुंबी-चोर्ला भागात धुकं असतं, तेव्हा अप्पर लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर आणि खालचे फॉग दिवे, वेग ३०.

दुचाकी_निपाणी

जनावर लागलंच तर पुढं काय? लोक घाबरून निघून जातात.

वनराई

निघून जाणं सगळ्यात वाईट. पडलेलं जनावर रस्त्यात राहिलं की दुसरी गाडी त्यावर आदळते. शिवाय ते खायला बिबट्या, कोल्हा, तरस येतं आणि तेही चिरडलं जातं.

गाडी डाव्या कडेला, चारी इंडिकेटर, गाडीतला धोक्याचा लाल त्रिकोण निदान पन्नास मीटर मागं. वळण असेल तर त्रिकोण *वळणाच्या आधी*. मग फोन. वनखात्याची हेल्पलाईन १९२६, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही तोच आकडा. माणूस जखमी असेल तर आधी ११२. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ पण लागतो. जागा सांगताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि मागच्या-पुढच्या गावाचं नाव सांगा. हेम्माडगा रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. तिथं जवळचा दगड वाचून पुढच्या वस्तीत जाऊन फोन करावा, किंवा समोरनं येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला निरोप द्यावा.

जनावर जिवंत असेल तर जवळ जाऊ नका. जखमी सांबराची लाथ माणसाची बरगडी मोडते. *तोंडात पाणी ओतू नका.* दयेनं करतात लोक, पण पडलेल्या जनावराचं पाणी श्वासनळीत जातं आणि त्यानंच ते मरतं. लाईट त्याच्या तोंडावर ठेवू नका, भोवती गर्दी करू नका. हरणकुळातलं जनावर नुसत्या धास्तीनं दगावतं.

आणि मटण म्हणून उचलणाऱ्यांसाठी स्पष्ट लिहितो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे गाडीखाली मेलेलं वन्य जनावरही सरकारची मालमत्ता असतं. ते ताब्यात आलं तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. गवा तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अपघात कळवणारा आणि मांस नेणारा, या दोघांकडं कायदा फार वेगळ्या नजरेनं बघतो.

विमा_टिळकवाडी

विम्याचं थोडक्यात. फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीचं काही मिळत नाही. पूर्ण विमा, म्हणजे ओन डॅमेज, असेल तर जनावराची धडक त्यात बसते. गाडी हलवण्याआधी चारी बाजूंनी फोटो, नंबरप्लेट आणि रस्ता दिसेल असे, शक्यतो किलोमीटरच्या दगडासह. कंपनीला लगेच कळवा. वनखात्याला किंवा पोलिसांना केलेल्या फोनची वेळ लिहून ठेवा. सर्व्हेअर बघायच्या आत गॅरेजला दुरुस्ती सुरू करू देऊ नका.

शहापूरचा_मेस्त्री

विम्यात एक मेख आहे. धडकेनंतर रेडिएटर फुटलेला असताना गाडी तशीच दहा किलोमीटर चालवली आणि इंजिन जाम झालं, तर इंजिनाचा खर्च "नंतरचं नुकसान" म्हणून नाकारला जाऊ शकतो. म्हणून बॉनेटखाली बघितल्याशिवाय निघू नका.

खाली हिरवं किंवा गुलाबी पाणी ठिबकतंय का. पंख्याचं पातं कुठं अडकलंय का, हातानं नाही, इंजिन बंद करून काठीनं फिरवून बघा. बंपर टायरला घासतोय का. पेट्रोलचा वास. बॉनेटचं कुलूप धरतंय का, नसेल तर दोरीनं ग्रीलला दोन ठिकाणी बांधा, नाहीतर साठच्या वेगात उघडून काचेवर येतं. निघालात तर तापमानाच्या काट्यावर नजर. मध्याच्या वर सरकला की बंद करा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, अर्धा तास थांबा.

घाटमाथा

शेवटचा एक प्रश्न. पणजीला सकाळी लवकर पोचायचं असेल तर किती वाजता निघावं? आमच्याकडं सगळे चारला निघा म्हणतात.

भाजीगाडी

चारला निघालात तर जांबोटी ते चोर्ला हा पट्टा नेमका पहाटेच्या वाईट वेळेत लागतो. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात सात वाजता उजाडतं. साडेसहाला निघालात तर जांबोटीच्या पुढचं रान उजेडात मिळतं. आमच्या गाड्यांना बाजाराची वेळ गाठायची असते म्हणून रात्रीच जावं लागतं. तुम्हाला तसं नसेल तर दोन तास झोपा की.

नेरसेकर

आणि हेम्माडग्याचा रस्ता धरणार असाल तर उजेडातसुद्धा नेरसे सोडल्यावर ४० च. रस्ता एकपदरी आहे. सकाळी साडेसात-आठपर्यंत गवे मोरीजवळ उभे असतात.